अवधान आणि उत्तर

प्रायश्चित्तकाळातील एका संध्याकाळची गोष्ट. घरातील जपमाळ आटोपली होती आणि सातवीत शिकणारा माझा मुलगा वही घेऊन टेबलाशी बसला होता. गणित साधे होते. पाऊण भागिले अर्धा, म्हणजे ३/४ ÷ १/२. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचे, ही रीत त्याला पाठ होती. उत्तर दीड, तेही त्याने लिहिले होते. परंतु शाळेतील बाईंनी खाली एक प्रश्न जोडला होता : ‘आपण अपूर्णांक उलटा का करतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.’

तो माझ्याकडे आला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पंचवीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत डोके घालून बसलेला माणूस. मी तोंड उघडले आणि मिटले. “थांब, सांगतो,” असे म्हणून मी कागद शोधू लागलो. कागद मिळेपर्यंत त्याने मोबाईलला प्रश्न विचारला होता आणि मोबाईलने क्षणार्धात अर्धे पान भरेल इतके स्वच्छ, निर्दोष स्पष्टीकरण लिहून दिले होते. त्याने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. दोन दिवसांनी वही परत आली, ‘उत्तम’ असा शेरा घेऊन. मी सहज विचारले, “मग का उलटा करतात रे?” तो म्हणाला, “पप्पा, ते लिहिलंय ना वहीत.”

या प्रसंगात मला जे खुपले ते मुलाचे वागणे नव्हे. मोबाईलने उत्तर दिले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते, ते खुपले. माझे अज्ञान झाकले गेले होते, मुलाचा अभ्यास झाला होता, जेवणाची वेळ टळली नव्हती. कुणाचेच काही बिघडले नव्हते. मग मन अस्वस्थ का व्हावे? कष्टात असलेल्याला मदत करणे हा तर आपल्या धर्माचा प्राण. अडलेल्या मुलाला उत्तर देणे ही मदतच नव्हे काय?

प्रश्नाला भिडण्यापूर्वी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. महाजालाने मुलांच्या गणित-विज्ञानासाठी जे भांडार खुले केले आहे, ते आपल्या पिढीला स्वप्नातही दिसले नव्हते. अमेरिकेत बोस्टन येथे नोकरी करणाऱ्या सलमान खान नावाच्या तरुणाने २००४ साली दूरच्या शहरात राहणाऱ्या नात्यातील एका लहान बहिणीला फोनवरून गणित शिकवायला सुरुवात केली. मापांचे रूपांतर तिला जमत नव्हते. पुढे इतर भावंडेही येऊ लागली, तेव्हा त्याने २००६ साली आपले पाठ ध्वनिचित्रित करून यूट्यूबवर ठेवले. त्यातून ‘खान अकादमी’ उभी राहिली. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक २००१ साली मिळवणारे कार्ल वायमन यांनी दुसऱ्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात मुलाला पडद्यावर तारा, बॅटरी व दिवे जोडून विद्युत मंडल तयार करता येते. चुकीची जोडणी केली तर बॅटरीतून ज्वाळा निघताना दिसतात आणि तरीही घर जळत नाही! ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली विद्यार्थिदशेत रचलेल्या ‘जिओजेब्रा’त त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशांवर अढळ राहते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये आठ-दहा वर्षांची मुले रंगीत ठोकळे जोडून स्वतःचे खेळ व गोष्टी रचतात. आणि आपल्या पुण्याचे अरविंद गुप्ता! सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, आगपेटीच्या काड्या, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या या माणसाने आपली सारी पुस्तके आणि इतरांची असंख्य पुस्तके, मराठीतलीसुद्धा, महाजालावर फुकट ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यांतले काहीही वापरायला पैसे पडत नाहीत. फुकट मिळाले ते फुकट द्यावे, ही प्रभूची शिष्यांना आज्ञा कोणी पाळली असेल तर या मंडळींनी; त्यांच्यापैकी अनेकांचा आपल्या श्रद्धेशी काही संबंध नाही, हे इथे नोंदवलेले बरे.

ख्रिस्तसभेलाही गणिताच्या प्रसाराचे वावडे कधी नव्हते. रोममधील येशूसंघीय महाविद्यालयात ख्रिस्तोफर क्लाव्हियस या धर्मगुरूंनी १५७४ साली युक्लिडच्या भूमितीची सटीक आवृत्ती छापली. १५८२ साली जी दिनदर्शिका पोप तेराव्या ग्रेगरींनी लागू केली आणि जी आज आपल्या भिंतीवर टांगलेली असते, तिच्यामागच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे विद्यार्थी मत्तेओ रिची चीनमध्ये गेले आणि शू ग्वांगछी या विद्वानांच्या साहाय्याने त्यांनी युक्लिडचे पहिले सहा खंड चिनी भाषेत आणले. १६०७ साली ते पेकिंगमध्ये प्रसिद्ध झाले. छापखाना हे त्या काळचे महाजालच होते. तेव्हा नवे साधन आले की नाक मुरडायचे, ही आपली परंपरा नव्हे.

खान यांच्या कथेतील एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांनी २०११ सालच्या एका व्याख्यानात सांगितले की, भावंडांना त्यांचे प्रत्यक्ष शिकवणे नव्हे, तर यूट्यूबवरचे शिकवणेच अधिक आवडले. ऐकणारे हसले. पण कारण हसण्यासारखे नव्हते. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. तीच गोष्ट दहा वेळा ऐकली तरी समोरचा माणूस सुस्कारा टाकत नाही. “एवढं कळत नाही?” हा प्रश्न तिथे नसतो.

आपल्यापैकी किती जण या एका प्रश्नाने गणितापासून कायमचे दुरावले असतील! पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला कळले नाही तर तो हात वर करीत नाही. अज्ञानापेक्षा अपमान जड असतो. घरी आल्यावर बाप दिवसभराच्या लोकलच्या प्रवासाने शिणलेला. दुसऱ्यांदा विचारले की त्याचा आवाज चढतो. मी हे स्वतःवरून सांगतो. यंत्राचा आवाज चढत नाही. बापाने संयम सोडल्यानंतर एखादे यंत्र जर मुलाला न लाजवता पुन्हा पुन्हा शिकवीत असेल, तर त्या यंत्राची निंदा करण्याचा अधिकार बापाला उरत नाही. मात्र यंत्राचा संयम हा सद्गुण नव्हे, कारण त्याला काहीही सोसावे लागत नाही. माणूस थकलेला असताना बसतो, तेव्हा त्या बसण्यात मुलाला आणखी काहीतरी कळते. पाठाचा विषय बाजूला राहो, आपण कुणाच्या तरी वेळेच्या मोलाचे आहोत हे त्याला कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजावून देणे आणि ऐवजी करून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रफीत समजावते, समजून घेण्याचे काम मुलाकडेच राहते. पण गेल्या काही वर्षांत आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तेही काम उचलतात. मुलगा अडण्यापूर्वीच सुटतो.

सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने १९४२ साली या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. ज्यू घराण्यात जन्मलेली, ख्रिस्ताकडे ओढली गेलेली, पण ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावरच थांबलेली ही स्त्री. डॉमिनिकन संघाचे फादर पेरँ यांच्याकडे तिने तो निबंध कॅथोलिक विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी पाठवला होता. तिचे म्हणणे थोडक्यात असे : प्रार्थना म्हणजे ईश्वराकडे लावलेले पूर्ण अवधान. आणि शाळेतील अभ्यासाचा खरा हेतू, विद्यार्थ्याला ठाऊक असो वा नसो, हे अवधान वाढवणे हाच आहे. म्हणून भूमितीच्या एखाद्या प्रश्नावर तासभर प्रामाणिकपणे मन एकाग्र केले आणि तो सुटला नाही, तरी तो तास वाया जात नाही. त्याचे फळ दुसरीकडे कुठेतरी, कदाचित प्रार्थनेत, मिळते. दुःखी माणसाकडे खऱ्या अर्थाने पाहता येणे, हेही त्याच अवधानाचे रूप आहे, असे ती सांगते.

हा विचार प्रथम वाचला तेव्हा मी भारावून गेलो. उत्तर हे अभ्यासाचे फळ नसून उत्तरासाठी थांबणे हे फळ आहे! माझ्या मुलाने मोबाईलकडून उत्तर घेतले तेव्हा त्याने काय गमावले, हे मला या निबंधाने दाखवले. त्याने थांबणे गमावले. जो मुलगा अपूर्णांकापुढे पाच मिनिटे थांबू शकत नाही, तो उद्या मिस्साबलिदानातील मौनात थांबू शकेल का? आजारी आजीच्या उशाशी, जिथे कुणाकडेच उत्तर नसते, बसू शकेल का?

तरीही या विदुषीशी माझे थोडे भांडण आहे. तिचा भाऊ आंद्रे हा विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांपैकी एक. त्याच्या तुलनेत आपली बुद्धी सामान्य आहे, या जाणिवेने ती स्वतः चौदाव्या वर्षी घोर निराशेत बुडाली होती, हे तिनेच लिहून ठेवले आहे. त्या निराशेतून तिला वाट सापडली. पण सर्वांना सापडते का? दररोज तासभर थांबून दररोज हात रिकामेच राहिले, तर सामान्य मुलामध्ये अवधान वाढत नाही. स्वतःविषयीची घृणा वाढते. बिगर फळाची प्रतीक्षा संतांना पेलते. सातवीतल्या मुलाकडून ती मागणे हा मोठ्यांचा दांडगेपणा होईल. तेव्हा मदत हवीच. किती आणि केव्हा, हाच नैतिक प्रश्न आहे. चांगली शिक्षिका जाणते की मुलगा आता तुटणार आहे की आता उमलणार आहे, आणि त्याप्रमाणे एखादाच शब्द पुढे सरकवते. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर ‘आंतिक्वा एत नोवा’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यातही हीच चिंता आहे : विद्यार्थ्याला स्वतः उत्तरापर्यंत पोहोचवण्याऐवजी ही साधने तयार उत्तरेच हाती देतात. अर्थात ‘उत्तर सांगू नकोस, फक्त पुढचा प्रश्न विचार’ अशी सूचना या साधनांना देता येते आणि काही साधने मुळातच तशी घडवलेली आहेत. परंतु तशी सूचना देण्यासाठी उत्तराचा मोह आधी कुणीतरी आवरावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाने तो एकट्याने आवरावा, ही अपेक्षा बरी नव्हे.

काही जण म्हणतील, कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. हा आक्षेप मी झटकून टाकू इच्छित नाही. आम्ही शाळेत लॉग टेबल वापरले. त्यातील आकडे कुणी, कसे काढले, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. वर्गमूळ हाताने काढायची रीत मी केव्हाच विसरलो आहे. म्हणून आम्ही अप्रामाणिक ठरलो काय? नाही. कारण ‘हे मी स्वतः शोधले’ असा दावा आम्ही कधी केला नाही. माझ्या मुलाला प्रश्नच असा होता : स्वतःच्या शब्दांत लिहा. त्याने दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून लिहिले. दुसरा माणूस नव्हता म्हणून ती चोरी नव्हती, एवढेच. खोटेपणा मात्र होताच आणि तो बाईंपेक्षा त्याने स्वतःशीच अधिक केला होता. न कळलेले कळले असे त्याला वाटू लागले होते. ज्याला कळले नाही हे ठाऊक असते, तो विचारतो. ज्याला कळल्याचा भास होतो, त्याचे विचारणे संपते.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तो प्रसंग लूकने किती नेमका रंगवला आहे! तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न करीत होता. त्याच्या उत्तरांनी लोक थक्क झाले, हे नंतर येते. आधी ऐकणे आणि विचारणे. जो स्वतः प्रज्ञा आहे, तोही विद्यार्थी म्हणून आधी विचारतो. या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपण पालकांनी थांबून पाहावे. मरिया आणि योसेफ यांना त्याचे बोलणे कळले नाही, असे लूक स्पष्ट सांगतो. मुलाचे ज्ञान आईबापांच्या पुढे गेले होते. पण तीन दिवस त्याला शोधीत फिरले ते तेच.

आपल्याला गणित येत नाही, म्हणून मुलाच्या अभ्यासात आपले काही काम नाही, असे समजणारे पालक आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. ही लाज म्हणा की सोय म्हणा, तिच्यापोटी मूल यंत्राच्या किंवा महागड्या शिकवणीच्या स्वाधीन केले जाते. पालकांच्या भीतीवर व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी हप्त्यांवर अभ्यासक्रम विकले आणि कित्येक घरांत पुढे हप्ते तेवढे उरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. हे म्हणताना परिषदेने त्यांची पदवी विचारली नव्हती.

आणि न्यायाचा प्रश्न? सारे काही फुकट आहे असे आपण म्हणतो, पण फुकटाच्या दाराशी पोहोचायलाही काही लागते. २०२४ सालच्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु ज्यांना तो वापरता येत होता, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्याचा काही शैक्षणिक उपयोग केला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे मात्र ७६ टक्के होते. घरात एकच फोन असेल तर तो आधी भावाच्या हाती जातो की बहिणीच्या, हे सांगायला अहवालाची गरज नाही.

दुसरी अडचण भाषेची. उत्तमोत्तम पाठ इंग्रजीत आहेत. ‘फेट’सारख्या काही साधनांची मराठी रूपे झाली आहेत, पण ती ठाऊक किती जणांना? मत्तेओ रिची आणि शू ग्वांगछी यांना भूमिती चीनमध्ये नेताना आधी चिनी शब्द घडवावे लागले. त्यांनी रूढ केलेले कितीतरी शब्द चिनी शाळांत आजही चालतात. आपल्याकडे तर शब्द होते आणि आपण ते विसरलो. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ असे. भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाणारी वसईची आजी पावशेर, अच्छेराचा हिशेब गाडी सुटायच्या आत बोटांवर करीत असे. ३/४ हा तिच्यासाठी आकड्यावर आकडा नव्हता; ती पाऊण होती, मापातून ओसंडणारी, हाताला जाणवणारी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या सूचनेच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. पण पाऊण आणि दीड हे शब्द मुलांच्या तोंडून जात आहेत, यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आपल्या धर्मग्रामाचे सभागृह लग्नसराई व नाताळचा काळ सोडला तर संध्याकाळी बंद असते. तिथे पडदा आहे, प्रक्षेपक आहे आणि महाविद्यालयात विज्ञान शिकणारी मुलेमुली प्रत्येक वाडीत आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडून एकच ‘फेट’चा प्रयोग पडद्यावर दाखवला, तोच खऱ्या बॅटरीने आणि खऱ्या दिव्याने टेबलावर केला, तर कुणाच्या घरी फोन आहे आणि कुणाच्या नाही हा भेद निदान त्या तासापुरता तरी मिटेल. पडद्यावर दिवा नेहमी लागतो. टेबलावर तो कधी लागत नाही, तार गंजलेली निघते आणि तिथे विज्ञान सुरू होते.

हल्ली मुले आपल्याला संत कार्लो आकुतिस यांचे नाव ऐकवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि संगणक हाताळणारा संत म्हणून त्यांचे चित्र घरोघरी पोहोचले. ‘ते पाहा, संतही संगणकावर बसत!’ बसत हे खरे. पण हा मुलगा मोठ्यांसाठी लिहिलेली संगणकशास्त्राची पुस्तके घेऊन स्वतः आज्ञावली शिकला आणि व्हिडिओ खेळांसाठी त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा भाग मुले सांगत नाहीत. आपणही वाचलेला नसतो.

त्या वहीकडे मी पुन्हा वळलो ते पुढच्या रविवारी, मिस्साहून आल्यावर. मुलाला स्वयंपाकघरात बोलावले. पाऊण लिटर पाणी एका पातेल्यात काढले आणि अर्ध्या लिटरचे माप त्याच्या हाती दिले. “हे माप किती वेळा भरेल?” एकदा भरले. दुसऱ्यांदा निम्मे भरले. ओट्यावर पाणी सांडले, त्याच्या आईने भुवया उंचावल्या. तो मापाकडे बघत राहिला. मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर पुढे काय बोलायचे हे मलाही नीट माहीत नव्हते. दोन-तीन मिनिटे गेली असतील, मला ती फार लांब वाटली. मग तो सावकाश म्हणाला, “लिटरच्या मापाने पाऊण वेळा भरलं असतं. माप अर्धं केलं, म्हणून दुप्पट वेळा भरावं लागतं. पाऊणची दुप्पट. पप्पा, आपण उलटं करतच नाही, ते आपोआप होतं!”

मी आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारणार, तोच त्याने विचारले, “पण माप दोन-तृतीयांश लिटरचं असेल तर? तेव्हा दीडपट का होतं?”

मला उत्तर आले नाही. फोन फ्रिजवर होता. दोघांनीही तिकडे पाहिले. मग त्याने पातेले पुन्हा नळाखाली धरले आणि मी तिसरा भाग दाखवणारे एखादे माप घरात आहे का, ते शोधू लागलो.